ज्याची आज्ञा, त्याने ऐकावी

ख्रिस्ती घरात वचनाचा आधार घेऊन वाद सुरू झाला की एक गोष्ट हमखास दिसते. प्रत्येकाला समोरच्याला लागू पडणारे वचन पाठ असते. बायकोने अधीन असावे हे नवऱ्याला पाठ, नवऱ्याने आपल्या देहासारखी प्रीती करावी हे बायकोला पाठ. मुलांनी आज्ञेत राहावे हे आईबाप सांगतात, बापाने लेकरांना चिडवू नये हे मुले सांगतात. पुढाऱ्यांचे ऐकावे हे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातले वचन पाळकांच्या तोंडी येते, तर मेंढपाळाने कळपावर धनीपण गाजवू नये हे पेत्राचे सांगणे मंडळीतल्या नाराज माणसांच्या तोंडी. सगळी वचने शास्त्रातली, सगळी खरी. तरी त्यांनी कोणाचे मन हलत नाही की घरातला ताण उतरत नाही. असे का होते, आणि नात्यांविषयीच्या आज्ञा कशा वाचाव्यात याबद्दल शास्त्र स्वतः काय सुचवते, याचा विचार या प्रस्तावनेत करायचा आहे. पुढचे पाठ त्या विचारावर उभे आहेत, म्हणून तो आधी नीट मांडून तपासलेला बरा.

माझे म्हणणे असे आहे. नात्यांविषयीची प्रत्येक आज्ञा कोणाला तरी हाक मारून दिलेली आहे: पत्नींनो, पतींनो, मुलांनो, बापांनो, दासांनो, धन्यांनो. ज्याला हाक मारली, पाळण्याची जबाबदारी त्याची. ती दुसऱ्याकडून वसूल करून घेण्याचा हक्क त्या वचनांतून कोणालाच मिळत नाही. आणि ज्याच्या हाती घरात, मंडळीत किंवा समाजात अधिक जोर आहे, त्याच्याकडून शास्त्र अधिक मागते.

इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय हे याचे पहिले प्रमाण. लग्नाच्या उपासनेत तो वाचला जातो, त्यामुळे बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. बाविसाव्या वचनापासून पत्नीला उद्देशून तीन वचने आहेत. मग पंचविसाव्यापासून पतीकडे मोर्चा वळतो, तो तेहतिसाव्यापर्यंत सुटत नाही. त्याच्यापुढे ठेवलेला आदर्श आहे मंडळीसाठी प्राण देणाऱ्या ख्रिस्ताचा. आणि या सगळ्याच्या आधी, एकविसाव्या वचनात, सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावे असे पौलाने म्हणून ठेवले आहे. घराच्या व्यवस्थेवर ग्रीक-रोमी जगात पुष्कळ लिहिले गेले होते. ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात घराचा विचार आहे, पण तो घरधन्याच्या बाजूने केलेला आहे: बायको, मुले आणि दास यांच्यावर त्याने सत्ता कशी चालवावी. पौल मात्र बायकोशी थेट बोलतो, मुलांशी थेट बोलतो, दासांशी थेट बोलतो. ज्यांच्याविषयी आजवर इतरांशीच बोलले जात होते, त्यांना तो ऐकणारी आणि ठरवणारी माणसे मानतो. पतीला मात्र, बायकोला अधीन कर, असे तो एकदाही सांगत नाही.

इथे जाणकार वाचक अडवील, आणि त्याने अडवावेही. वचने मोजून कोणावर भार किती हे ठरवायचे असेल, तर कलस्सैकरांस पत्रात दासांना चार वचने आहेत आणि धन्याला एकच. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पत्नीला सहा आणि पतीला एक. मग बलवानाकडून अधिक मागितले असे कसे म्हणायचे? आक्षेप खरा आहे आणि नुसत्या मोजणीने तो सुटणार नाही. पेत्राने पतीला सांगितलेल्या त्या एका वचनाचे वजन पाहावे लागेल. पत्नी जीवनाच्या कृपादानात बरोबरीची वारस आहे, तिला मान दे, नाहीतर तुझ्या प्रार्थनांत व्यत्यय येईल, असा त्याचा आशय आहे. बायकोला दिलेल्या सहा वचनांत अशी एकही धमकी नाही. घरात वर्चस्व गाजवणारा पुरुष मंडळीत कितीही लांब प्रार्थना करो, देवाशी त्याचा मार्गच अडतो, हे पेत्राचे म्हणणे आपल्या घरसभांत फार थोड्या वेळा ऐकू येते.

कलस्सैच्या पत्राचे उत्तर त्याहून मोठे आहे. ते पत्र तुखिकाने नेले, आणि चौथ्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे त्याच्याबरोबर अनेसिम होता. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, त्याच्यापासून दूर गेलेला. म्हणजे दासांना चार वचने आणि धन्याला एक वचन असलेले पत्र ज्या मंडळीकडे चालले होते, त्याच भागातल्या एका धन्याला पौलाने वेगळे, आख्खे पत्र लिहिले होते. त्या पत्रात तो म्हणतो, मला आज्ञा करता आली असती, पण मी प्रीतीने विनंती करतो. अनेसिमाला दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. पौलाने स्वतःचा अधिकार बाजूला ठेवला आणि फिलेमोनालाही त्याचा अधिकार खाली ठेवायला सांगितले. दासप्रथा त्या पत्राने मोडली असे कोणी म्हणत नाही. पण मंडळीपुढे वाचायचे म्हणून दिलेल्या त्या पत्रात जबाबदारीचे बोट कोणाकडे आहे, याविषयी शंका राहत नाही.

आता आपल्या घरांकडे येऊ. गारखेडा हे एकेकाळचे वेगळे गाव. छत्रपती संभाजीनगर वाढत आले आणि सूतगिरणी चौक, विभागीय क्रीडा संकुल, चहूकडच्या नगरांच्या आणि कॉलन्यांच्या रांगा यांत ते मिसळून गेले. इथल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांची मुळे जालना, बीड, परभणीकडच्या खेड्यांत आहेत. चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या कारखान्यातली पाळी, दवाखान्यातली किंवा शाळेतली नोकरी, दोन-तीन खोल्यांचे घर, गावाकडे म्हातारे आईवडील, आणि रविवारी छावणीतल्या ख्राइस्ट चर्चपासून कॉलनीतल्या घरसभेपर्यंत कुठेतरी उपासना. नात्यांची ओढाताण इथे रोजची आहे. सासू गावाहून आली की किती दिवस राहणार, सुनेचा पगार कोणाच्या खात्यात, मुलाने कोणाचे ऐकायचे, धाकट्या दिराच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा. या प्रश्नांवर शास्त्र गप्प नाही. मात्र त्याचे म्हणणे आपल्या सवयीशी जुळेलच असे नाही.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातले शेवटून दुसरे वचन घ्या. पुरुष आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहील, असे ते सांगते. येशूने घटस्फोटाविषयी विचारणाऱ्या परुश्यांना याच वचनाने उत्तर दिले आणि पौलाने इफिसकरांस लिहिताना तेच घेतले, म्हणजे शास्त्रात ते पुन्हा पुन्हा लग्नाचा पाया म्हणून येते. आपल्याकडे लग्नात सोडून जाते ती मुलगी. पाठवणीत रडते ती मुलगी, आडनाव बदलते तिचे, नव्या घराचे नियम शिकते ती. मुलगा जिथे होता तिथेच राहतो. राहायला वेगळे निघावे की एकत्र राहावे, हा हिशेब या वचनात नाही. प्राचीन इस्राएलातही मुलगे बहुधा बापाच्याच आवारात राहत. पण मनाने, निष्ठेने, निर्णयांत जागचे हलायचे आहे ते पुरुषाने, हे त्यातून स्पष्ट होते. सासू-सून यांचे भांडण म्हणून आपण ज्याला नाव देतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा एक मुलगा असतो ज्याने हे हलणे केलेलेच नाही आणि दोघींना परस्परांत लढायला सोडून दिले आहे. त्याला उद्देशून असलेले वचन त्याने ऐकले तर त्या दोघींवरचे निम्मे ओझे उतरेल.

याचा अर्थ आईबापांना वाऱ्यावर सोडावे असा नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू अशा माणसांना झापतो, जे आईबापांच्या पोषणाचा पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेला, असे म्हणून हात झटकतात. दशांश नियमाने टाकणाऱ्या आणि गावाकडच्या वडिलांच्या औषधाला पैसे नाहीत म्हणणाऱ्या घराला हे वचन थेट लागू आहे. तीमथ्याला लिहिताना पौल तर, घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट, इथपर्यंत जातो. दोन्ही आज्ञा त्याच कमावत्या माणसाला आहेत. बायकोने सासूसासऱ्यांची सेवा करावी असे सांगून त्याला त्यातून सुटता येत नाही.

रूथच्या पुस्तकाचे आपण जे करतो, तेही इथेच बोलले पाहिजे. रूथने नामीला दिलेले वचन लग्नपत्रिकांवर छापले जाते, लग्नात नवरीला सांगितले जाते. ते वचन सुनेने सासूला दिलेले आहे, नवऱ्याला नाही. ही गोष्ट निदान लक्षात तरी राहावी. त्याहून महत्त्वाचे ते त्याच्या आधी घडते. नामी विधवा आहे, दोन्ही मुलगे गेलेले आहेत, परक्या मवाबात ती एकटी आहे. म्हातारपणी सेवेला सुना हव्यात अशी कोणाचीही अपेक्षा असती. पण ती दोघींना मोकळे करते, माहेरी जा म्हणते, त्यांना नवे घर लाभो म्हणून आशीर्वाद देते. दुसरी सून ओर्पा जाते, आणि पुस्तक तिला एका शब्दाने दोष देत नाही. रूथ राहते ती तिच्यावर कोणतेही बंधन उरले नसताना. पुढे तिसऱ्या अध्यायात विधवा सुनेच्या पुनर्विवाहाची खटपट करते तीही नामीच. नामीने काय केले हे बाजूला ठेवून फक्त रूथने काय केले ते सुनांना सांगत राहणे, हे त्या पुस्तकाचा अर्धा भाग झाकून ठेवणे आहे.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: प्रत्येकाने स्वतःपुरतेच वचन ऐकायचे म्हटले तर अन्याय करणाऱ्याला कोण रोखणार? दारू पिऊन मारणारा नवरा आपली आज्ञा ऐकत नाही, आणि बायकोने फक्त आपली आज्ञा पाहायची, म्हणजे तिने सोसत राहायचे का? हा आक्षेप मनावर घ्यायलाच हवा, कारण ‘आपला क्रूस उचल’ असे सांगून मार खाणाऱ्या बाईला परत पाठवण्याचा प्रकार आपल्या मंडळ्यांत घडत आला आहे. वचन ज्याचे त्याने ऐकावे, याचा अर्थ चुकणाऱ्याला कोणी बोलू नये असा होत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात त्याची रीत सांगितली आहे: आधी एकट्याने, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीसमोर. लूकाच्या सतराव्या अध्यायात चुकणाऱ्या भावाला दटावण्याची आज्ञा क्षमेच्या आधी येते, आणि क्षमा पश्चात्तापाला जोडलेली आहे. बथशेबेच्या प्रकरणात देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवले ते दावीदाकडे. राजवाड्यावर उभे राहून बोलावून घेणारा राजा, युद्धावर असलेला सैनिक नवरा आणि त्याची बायको, या तिघांत दोषाचा पाढा नाथानाने राजापुढेच वाचला. मारझोडीच्या घरी गेलेल्या पाळकाने पहिला प्रश्न कोणाला विचारायचा, हे त्यावरून ठरते.

अधीनतेची मर्यादाही शास्त्राने दाखवून दिली आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात नाबाल उद्धटपणे दावीदाच्या माणसांना हाकलतो, तेव्हा अबीगईल नवऱ्याला न सांगता अन्नधान्य घेऊन निघते आणि घरावर येणारा रक्तपात टाळते. शास्त्र तिला शहाणी म्हणते. उलट प्रेषितांच्या कृत्यांत सप्पीरा नवऱ्याच्या खोट्यात सामील होते. पेत्र तिला हनन्यापासून वेगळे, एकटीला विचारतो. नवऱ्याने ठरवले म्हणून मी बोलले, ही सबब तिच्या कामी आली नसती. एका स्त्रीने नवऱ्याच्या चुकीपासून घर वाचवले, दुसरीने नवऱ्याच्या चुकीला साथ देऊन स्वतःला गमावले. या दोन कथा शेजारी ठेवल्या की पत्नीची विवेकबुद्धी नवऱ्याच्या ताब्यात दिलेली नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कायद्याकडे जाण्याचा प्रश्न इथे ओघाने येतो. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना न्यायालयात खेचू नये, असे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीला ते ऐकवले जाते. तो कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. पौलाने तो अध्याय देण्याघेण्याच्या, लुबाडणुकीच्या तंट्यांविषयी लिहिला, आणि आठव्या वचनात त्याचा राग भावाला लुबाडणाऱ्यावर आहे. स्वतःवर बेकायदा फटके पडले तेव्हा याच पौलाने फिलिप्पैत रोमी नागरिकाचा हक्क पुढे केला, अधिकाऱ्यांना स्वतः येऊन सोडायला लावले, आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. जीव आणि देह यांच्या रक्षणासाठी कायद्याचा आसरा घेणे त्याने अविश्वास मानले नाही.

आणि कायद्याचाच विषय निघाला आहे तर एक इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो माझ्या मुद्द्याचे सर्वांत स्पष्ट प्रमाण आहे. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू घटस्फोटाविषयी बोलतो तेव्हा नवऱ्याला आणि बायकोला एकच माप लावतो. एक वाक्य त्याच्यासाठी, तसेच दुसरे तिच्यासाठी. १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा ख्रिस्ती लोकांसाठी केला गेला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होते. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा त्याग किंवा तसेच आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद शास्त्रातून आलेला नव्हता, इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यातून आला होता. इंग्लंडने तो १९२३ मध्ये काढून टाकला. आपल्याकडे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती विषमता घटनाबाह्य ठरवली, आणि २००१ च्या दुरुस्तीने संसदेने ती देशभर दूर केली. एकशे बत्तीस वर्षे ख्रिस्ती स्त्रीला येशूच्या शब्दांपेक्षा कडक माप लावले गेले, आणि ते ख्रिस्ती कायदा म्हणून लावले गेले. जे आपण शास्त्राचे म्हणून घरात चालवतो, ते खरोखर शास्त्राचे आहे की केवळ जुनी रीत आहे, हे तपासायला याहून मोठे कारण नको.

कोणी म्हणेल, ही तर आजच्या समतेची कल्पना शास्त्रात घुसवणे झाले. मराठी ख्रिस्ती परंपरेकडे पाहिले तर तसे म्हणता येत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सांभाळले, आणि १९०० मध्ये, जातिभेदाविषयी स्वतःचा विचार पूर्ण झाल्यावर, स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळक काही शांत स्वभावाचे गृहस्थ नव्हते. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी त्यांचा तापटपणा आणि अव्यवहारीपणा कुठेही झाकलेला नाही. तरी लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेच्या प्रश्नात घरधनी म्हणून असलेला जोर त्यांनी वापरला नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराविषयी पौल जे सांगतो, तो एकत्र राहायला तयार असेल तर सोडू नको आणि देवाने आपल्याला शांतीत बोलावले आहे, ते या घरात प्रत्यक्ष जगले गेले. एकाच घरात एक मंडळीत जाणारा आणि एक न जाणारा, अशी कुटुंबे आज गारखेड्यातही आहेत. त्यांना उपदेशापेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी पडेल.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद सुरू झाला: चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेले मानायचे कुठवर, आणि पुरुष विद्यार्थ्यांना एका भारतीय स्त्रीने शिकवावे की नाही, यावरून. रमाबाईंनी विश्वास सोडला नाही आणि आपली विवेकबुद्धीही कोणाच्या हवाली केली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आख्खे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम शेवटपर्यंत केले, ते साध्या बायकांना स्वतः वाचता यावे म्हणून. वचन ज्याला सांगितले त्यानेच ऐकायचे, तर ते त्याला मध्यस्थाशिवाय वाचता आले पाहिजे, हा विचार त्या कामामागे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सोप्या मराठीत शास्त्र नाही ही अडचण मराठी वाचकापुढे आता उरलेली नाही.

जातीचा विषय टाळून मराठवाड्यातल्या ख्रिस्ती नात्यांविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीतर्फे औरंगाबादेत पारशी कुळातले रत्नजी नौरोजी काम करत होते. जालन्याजवळ ब्राह्मण कुळातले नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. मंडळीत आलेल्या बहुतेकांची कुळे मात्र महार आणि मांग समाजातली. म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजात पहिल्या पिढीपासूनच वेगवेगळ्या पायऱ्यांवरची माणसे एका पंगतीत आली. रोटीव्यवहार झाला. बेटीव्यवहार अजूनही अडतो. स्थळे पाहताना ‘तुम्ही मूळचे कोण’ हा प्रश्न विश्वासाच्या प्रश्नाआधी येतो. ‘आपल्यात जात नाही’ असे सांगणारा बहुधा तो असतो ज्याला ती टोचत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, या अन्यायाविरुद्ध आपण मोर्चे काढतो आणि ते योग्य आहे. पण मुलीचे लग्न ठरवताना तीच जात आपण विचारतो, तेव्हा सरकारकडे मागितलेला न्याय आपण घरात नाकारतो. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियाची हकिकत आहे. यरुशलेमेहून काही लोक आले म्हणून पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, आणि पौलाने त्याला सर्वांसमोर, तोंडावर सुनावले. प्रेषितांमधल्या पहिल्या माणसाला सुनावले, एका जेवणावरून. पौलाला तिथे सुवार्तेचेच सत्य धोक्यात दिसले. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत मुकाट्याने जे मोडते, त्याला आपण ‘घरचा मामला’ म्हणून सोडून देतो.

पैसा आणि नोकरी यांविषयी पाठांत सविस्तर आहे, म्हणून इथे एकच गोष्ट. जक्कयाने येशूसमोर उभे राहून पश्चात्ताप केला तो रडून नव्हे. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडलेले चौपट परत, असा आकडा सांगून. घरातली क्षमाही या हिशेबाने पाहावी. ज्याने बायकोचे दागिने गहाण टाकले त्याने माफी मागताना ते सोडवण्याची तारीख सांगावी. ज्याने भावाचा हिस्सा दाबला त्याने सातबारा दुरुस्त करून द्यावा. पुढे ठेवण्यासारखे काहीच नसताना ‘ख्रिस्ती आहेस ना, क्षमा कर’ असे दुखावलेल्यालाच बजावणे, ही पुन्हा तीच चूक झाली: आपली आज्ञा न ऐकता दुसऱ्याची त्याला वाचून दाखवणे.

घरात कोणीतरी शेवटचा शब्द सांगणारा नको का, अधिकारच असा मोकळा सोडला तर शिस्त कुठली, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. येशूने अधिकार नाकारला नाही. शेवटच्या रात्री आपण गुरू आणि प्रभू आहोत हे त्याने स्वतः म्हटले, आणि ते म्हटले शिष्यांचे पाय धुतल्यावर. परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे, हे त्याने याकोब आणि योहान मानाच्या जागा मागत असताना सांगितले. ज्या घरात कर्ता माणूस आधी आपले वचन ऐकतो, तिथे मुले त्याचे ऐकत नाहीत असे सहसा होत नाही. आणि क्वचित झाले, तरी त्यामुळे त्याची आज्ञा रद्द होत नाही.

पुढचे पाठ घरसभांसाठी आहेत, त्यामुळे ते घेण्याच्या रीतीविषयी थोडे. प्रत्येक पाठाला एक उतारा आहे, आणि उताऱ्यात ज्यांना हाक मारली आहे त्यांनीच तो मोठ्याने वाचावा: पतींचा भाग पतींनी, आईबापांचा आईबापांनी, पाळकांचा पाळकांनी. चर्चेचे प्रश्न ‘मी’ने सुरू होतात, ‘आमचे हे’ किंवा ‘आमची सून’ने सुरू होणारे उत्तर चालवणाऱ्याने हळूच थांबवावे. पती-पत्नीचे पाठ घेताना शक्यतो स्त्रियांचा गट वेगळा बसवावा आणि तो चालवायला स्त्रीच असावी, कारण जे नवऱ्यासमोर बोलता येत नाही ते तिथे बोलले जाईल. मारहाणीची गोष्ट कोणी सांगितली तर पाठ तिथेच थांबवावा. आधी त्या बाईच्या आणि मुलांच्या राहण्याची सोय करावी, मंडळीतल्या दोन जबाबदार माणसांना सांगावे, तिची इच्छा असेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे तिच्याबरोबर जावे. नवऱ्याशी बोलायला पाळकांनी एकटे जाऊ नये. पाठ पुढच्या आठवड्यात घेता येईल.

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर